विकण्याचं कारण

३ मार्च

प्रिय आत्या,

"एवढं चांगलं घर आहे, तर मग विकताय कशाला?" या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तीन वर्षं कॉलेजात काढली, पदवीचा कागद बाबांनी चौकट करून भिंतीवर टांगला, आणि नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात एका बाईंनी पिशवी सावरत विचारलेल्या या एका प्रश्नात मी नापास झाले.

नोकरीचं बाबांनी तुला सांगितलं असेल, पण ते "पोरगी ऑफिसात लिहायचं काम करते" एवढंच सांगतात. मी घरांच्या दलालाकडे आहे. लोक आमच्याकडे घर विकायला देतात. मी ते बघून येते, जाहिरात लिहिते आणि गिऱ्हाईक आलं की दाखवायला नेते. मालकांना सगळे 'चावीवाले' म्हणतात, कारण साठेक घरांच्या चाव्या एका कडीत घालून ते कमरेला लावतात. ते जिना चढायला लागले की वरच्या मजल्यावरचं मांजर घर सोडतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला भाषा शिकवली. खोली लहान असेल तर 'आटोपशीर' लिहायचं. अंधारी असेल तर 'शांत'. खिडकीचं दार निखळलेलं असेल तर 'हवेशीर'. आणि यातलं काहीच बसत नसेल तर 'राजेशाही'. मी विचारलं, "आणि घर खरंच चांगलं असेल तर?" ते म्हणाले, "मग माझी गरज काय, बाई?"

आत्या, मी रंगाऱ्याची मुलगी. ओल आलेल्या भिंतीवर रंग मारायला बाबा नाही म्हणायचे, त्यापायी हातची किती कामं गेली हे तुला माझ्याहून जास्त माहीत. त्या बाईंनी "विकताय कशाला?" विचारलं, तेव्हा मला काही सुचेना, म्हणून मी कपाट सरकवून मागची ओल दाखवली. बाई गेल्या त्या गेल्याच. चावीवाले म्हणाले, "तू घर विकायला आलीस की घराविरुद्ध साक्ष द्यायला?" मग त्यांनी अट घातली. एप्रिल संपायच्या आत खरं सांगून एक तरी घर विकून दाखवायचं, नाहीतर राम राम.

घराला जर तोंड असतं, तर त्यालाही खरंच सांगावंसं वाटलं असतं असं मला वाटतं. हसू नकोस.

फोनच करणार होते. पण गेल्या वेळी मी "नोकरी लागली" म्हटलं, तर तू "कुठे लागलं, फार लागलं का, हळद लाव" म्हणत बसलीस.

तुझी,
भाची

८ मार्च

पदवीधर बाईंना आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र चौथ्या दिवशी मिळालं. नदीच्या त्या काठावरून या काठावर यायला चार दिवस! माझ्या वेळी संध्याकाळी पेटीत पडलेलं पत्र सकाळी दारात असायचं. पस्तीस वर्षं टपाल निवडलंय मी. पाकीट हातात घेतलं की कुणी घाईत लिहिलंय आणि कुणी नाक पुसत लिहिलंय ते न उघडता सांगायचे. तुझं दुसऱ्या जातीचं होतं.

उत्तर आलं नाही म्हणून एवढं काय? मला लग्नाआधी साहेबांनी विचारलं होतं, "एवढी चांगली नोकरी आहे, मग लग्न कशाला करताय?" त्याचं उत्तर मला अजून सुचायचंय.

आता कामाचं. आमच्या चिरंजीवांचा फोन होता. नवा पूल होतोय ना, तर आमच्या बाजूचे भाव गॅसच्या फुग्यासारखे वर चाललेत म्हणे. "आई, हीच वेळ आहे." त्याच्याकडे माझ्यासाठी खोली रंगवून तयार आहे, सुनेने रंगसुद्धा माझ्या आवडीचा लावलाय. मी म्हटलं, विकूया. चौथा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तेव्हा तुझ्या चावीवाल्याला सांग, पोरीने घर आणलं.

पण माझी अट आहे. सगळं खरं लिहायचं, काडीचंही लपवायचं नाही. दारावरची बेल वाजत नाही, अकरा वर्षं झाली. लिफ्ट प्रत्येक मजल्याच्या वीतभर खाली थांबते, नवखा माणूस तोंडावर पडतो. पहाटे पाचला नळाचा पाइप भोंग्यासारखा बोंबलतो. झोपायच्या खोलीला लागून खालच्या बेकरीचं धुराडं गेलंय, ती भिंत सकाळी नऊपर्यंत तापलेली असते. दहाला समोरची शेजारीण भांडायला येते. चार वाजता वरच्या मजल्यावरचे गृहस्थ ट्रंपेट वाजवतात. सात वर्षं शिकतायत, अजून तेच एक गाणं, आणि तेही मधेच तुटतं.

यातलं एकही गाळू नकोस. तुझ्या बापाचं नाव राख.

आत्या

१६ मार्च

प्रिय आत्या,

तुझ्यासारखी मालकीण आमच्या ऑफिसने पाहिलेली नाही. परवा एका गृहस्थांनी स्वतःच्या घराचं वर्णन करताना "समुद्र दिसतो" असं लिहायला लावलं. मी विचारलं, कुठून? म्हणाले, गच्चीतून, दुर्बीण असेल तर. आणि इथे तू, आपणहून घराचे दोष काढून देतेस! मी तुझं पत्र चावीवाल्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुमच्या घराण्यात हे असं किती जणांना आहे?"

शनिवारी मी मुक्कामाला आले ती सगळं स्वतःच्या कानाने ऐकावं आणि डोळ्याने बघावं म्हणून. पाइप पाचला नाही, पाच वाजून चार मिनिटांनी ओरडतो. लिफ्ट वीतभर नाही, साडेसात इंच खाली थांबते, मी टेप लावून मोजलं. भिंत खरंच गरम असते. तिला पाठ लावून मी जी झोपले, ती थेट पाइपनेच उठले. होस्टेलात आठ जणींत मिळून एक खिडकी आणि एक आरसा आहे, त्यामुळे एवढी झोप मला सहा महिन्यांत लागली नव्हती. अर्थात हे मी जाहिरातीत घातलेलं नाही. जाहिरातीत वस्तुस्थिती असावी, लिहिणाऱ्याची झोप नसावी.

उद्या छापून येईल ती अशी:

'विकणे आहे. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या व स्वयंपाकघर. बेल वाजत नाही, दार वाजवावे. लिफ्ट मजल्याच्या साडेसात इंच खाली थांबते, पाऊल उचलून टाकावे. पहाटे ५.०४ ला पाइप ओरडतो, दोन मिनिटांत थांबतो. झोपायच्या खोलीची एक भिंत बेकरीमुळे सकाळी नऊपर्यंत गरम. शेजारीण रोज दहा वाजता भांडते. वरच्या मजल्यावर चार ते पाच ट्रंपेट, गाणे एकच. बाकी घर कोरडे आहे. हे रंगाऱ्याच्या मुलीने तपासले आहे.'

चावीवाल्यांनी ती उभ्याने वाचायला घेतली आणि बसून संपवली. "ही जाहिरात आहे की पोलिसांत तक्रार?" मग म्हणाले, नाक कापून घ्यायचं असेल तर स्वतःच्या आत्याच्या घरावर कापून घे, दुसऱ्याचं घर तरी वाचेल. गंमत म्हणजे तुझ्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं घर त्यांच्याकडे वर्षभर पडून आहे. ते बरोबर तुझ्या खालीच, मधे एक मजला सोडून. त्याची जाहिरात त्यांनी स्वतः लिहिलीय: 'शांत, आटोपशीर, हवेशीर, राजेशाही.' त्यांच्याच भाषेतून उलट वाचलं तर त्या घरात कुणी पाऊल टाकणार नाही.

तुझी,
भाची

२० मार्च

पदवीधर बाईंस,

जाहिरात वाचली. शेजारणीला पण वाचून दाखवली. ती म्हणाली, "दहा नाही, पावणेदहाला येते मी." त्यावरून जरा वाजलं आमचं.

झकास लिहिलंयस. एक शब्द इकडचा तिकडे नको. आता हे वाचून कुणी आलं नाही, तर मनाला लावून घेऊ नकोस. खरं बोलणाऱ्याच्या दारात गर्दी नसते, हे तुझ्या बापाने शिकवलंच असेल. आपण आपलं काम केलं. चिरंजीवांनाही मी तसंच सांगेन, की बाबा, जाहिरात दिली, पोरीने जिवाचं रान केलं, पण घराला नशीब नाही.

घाई कशाला करायची? सावकाश होऊ दे. मी खिडकीला नवे पडदे शिवायला टाकलेत. कापड चांगलं मिळालं म्हणून, दुसरं काही नाही.

आत्या

२९ मार्च

आत्या, आत्या, आत्या!

घराला नशीब नाही म्हणतेस? बारा दिवसांत एकेचाळीस फोन आले. चावीवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची खुर्ची दिली, कारण फोन त्या टेबलावर आहे आणि प्रत्येक जण विचारतो, "ती साडेसात इंचवाली मुलगी आहे का?"

मी एका काकांना विचारलं, एवढे दोष वाचून तुम्ही आलात कसे? ते म्हणाले, "बाळ, सहा महिन्यांत मी अठ्ठावीस स्वप्नातली घरं बघितली. स्वप्नं बघून डोळे गेले माझे. जिथे आधीच सांगतात की तोंडावर पडाल, तिथे निदान कुठे पडणार ते कळतं."

तू लिफ्टपाशी उभं राहून बघायला हवं होतंस. सगळे पाऊल उंच उचलून बाहेर येतात आणि पेपर सोपा गेल्यासारखे हसतात. एकाने तर बायकोला ओरडून सांगितलं, "अगं, खरंच साडेसात आहे!" चारला माणसं आली की ट्रंपेट सुरू होईपर्यंत हलत नाहीत. परवा ते गाणं नेहमीच्या जागी तुटलं, तर तिघांनी टाळ्या वाजवल्या. वरचे काका खिडकीतून डोकावून वाकून गेले.

दातांच्या डॉक्टर आहेत एक, त्या आपल्या आईला घेऊन दोनदा आल्या. आईचे गुडघे धरलेले असतात. त्या आजी तुझ्या गरम भिंतीला गुडघे टेकवून खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आई, हे दुसऱ्याचं घर आहे." आजी म्हणाल्या, "अजून पाच मिनिटंच आहे."

तू मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. दमली होतीस का गं?

तुझी आनंदलेली,
भाची

१ एप्रिल

पदवीधर बाई,

दमले नव्हते. ओटा पुसत होते. तीन तास.

घाईघाईत काही गोष्टी सांगायच्या राहून गेल्या, त्या आता छापून टाक. एक तर फरशी उतरती आहे. वाटाणा टाकला तर दारापासून खिडकीपर्यंत गडगडत जातो. स्वयंपाकघरात उंदरांचं संमेलन भरतं. शेजारीण नुसती भांडत नाही, अंगावर येते. खिडकीतून काही म्हणजे काही दिसत नाही. आणि रात्री कपाट आपोआप उघडतं. का उघडतं ते मी विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस.

आणि त्या म्हातारीला सांग, धुराड्याची उष्णता गुडघ्यांना फार वाईट. मी कुठेतरी वाचलंय.

आत्या

७ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझ्या नव्या यादीसाठी काल आले, तेव्हा तू पडद्यांच्या शिंप्याकडे गेली होतीस. तू ऑफिसला दिलेली चावी चावीवाल्यांच्या कमरेला होती, म्हणून शेजारणीने तिच्याकडच्या तुझ्या किल्लीने उघडून दिलं. मी वाटाणा न्यायला विसरले नव्हते. तो जिथे ठेवला तिथेच बसला. मी फुंकर मारली तेव्हा कुठे दोन बोटं सरकला, आणि तोही दाराकडे. उंदीर नाहीत. खिडकीतून बेकरीचं छप्पर, दोन कबुतरं आणि पुलाचा एक खांब दिसतो, म्हणजे आमच्या ऑफिसच्या भाषेत 'विहंगम'. कपाट उघडत नाही, उलट मला ओढूनही उघडेना. शेजारीण अंगावर येते का हे तिलाच विचारलं. ती म्हणाली, "तुझी आत्या गेल्यावर मी पावणेदहाला कुणाच्या दारात जाऊन उभी राहू, ते आधी सांग." मग ती किल्ली न घेताच आत गेली.

तेव्हा नवीन यादी मी छापत नाही. रागावू नकोस. खोटा गुण जसा छापू नये, तसा खोटा दोषही छापू नये, असं मला वाटतं. वय झालं की घराचे दोष मोठे दिसायला लागतात, असं चावीवाले म्हणाले.

आता खरी बातमी. दातांच्या डॉक्टर घर घेताहेत! तू सांगितलेल्या भावापेक्षा वर जाऊन. २० तारखेला कागद करायचे. माझी नोकरीही वाचली, आणि खरं सांगून वाचली. बाबांना कळवलं, तर त्यांनी ब्रश खाली ठेवून शेजारच्या चौघांना सांगितलं म्हणे.

दोन बारीकसारीक गोष्टी. बेल दुरुस्त करून द्यावी म्हणून मी वायरमन नेला होता. तो म्हणतो, बेल बिघडलेलीच नाही. आतून तार काढून, टोकाला चिकटपट्टी लावून, व्यवस्थित गुंडाळून ठेवलीय. असं कोण करेल गं? आणि आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'विकण्याचं कारण'. डॉक्टरबाईंनीही तोच विचारला, "एवढं छान घर आहे, तर विकताहेत कशाला?" मी म्हटलं, मालकिणीला विचारून सांगते. चार शब्दांत कळव.

तुझी,
भाची

१० एप्रिल

बाई,

तार मी काढली. अकरा वर्षांपूर्वी, स्टुलावर चढून. बेल कुणीही दाबली तरी सारखीच वाजते, जसे टाइप केलेले पत्ते. दारावरची टकटक ज्याची त्याची असते. फोनमधलं मला ऐकू येत नाही, पण दारावरचं येतं. शेजारीण तळहाताने वाजवते. ट्रंपेटवाले चाल धरतात. चिरंजीव लहान असताना पायाने वाजवायचे. तुझी दोनदा असते, मग तू थांबतेस, मग एकदा. परवानगी मागितल्यासारखी.

रकान्यात लिही, 'मुलाला वाटतं म्हणून.' चार शब्द मागितलेस, एक शिल्लक राहिला. तुला लागेल तिथे वापर.

पडदे आले. नव्या बाईंना ठेव म्हणावं.

आत्या

१३ एप्रिल

प्रिय दादा,

तुझी आई मला सांगणार नाही, म्हणून तुला विचारते. माझी घोडचूक झाली आहे.

आत्याने घराचे सहा दोष लिहून दिले आणि मी ते खरे आहेत का हे टेप लावून तपासत बसले. पण ते दोष आहेत का, हे मी तपासलंच नाही. आज तिचं पत्र वाचून मी ती यादी पुन्हा काढली आणि घड्याळाप्रमाणे लावून बघितली. पाचला पाइप तिला उठवतो. नऊपर्यंत ती त्या भिंतीला पाठ लावून चहा पिते. पावणेदहाला शेजारीण येते, चारला ट्रंपेट. बेल तिने स्वतःच्या हाताने बंद केली, येणारा माणूस कोण ते दारावरून ओळखता यावं म्हणून. मी छापलं ते दोषांचं पत्रक नव्हतं रे, तो तिचा दिवस होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आणि मी तो चांगल्या भावात विकला.

तिला वाटलं, हे सगळं वाचून कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. मला वाटलं, काय ही प्रामाणिक बाई! मग ती खोटे दोष पाठवायला लागली, तेव्हा मी जाऊन फरशीवर वाटाणा ठेवला. पदवीधर ना मी.

दादा, २० तारखेला कागद आहेत. तुला पैशांची अडचण असेल तर मला तसं सांग, मी मधे बोलणार नाही. पण नसेल तर हे घर विकायचं कारण काय? मला चार शब्दांत नको, सविस्तर हवं.

तुझी बहीण

१६ एप्रिल

अगं,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि दार लावून घेतलं.

मला अडचण कसलीही नाही. आईला "तू एकटी राहतेस, मला झोप लागत नाही" असं सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, "मी काय लंगडी आहे?" म्हणून मी भावाचं निमित्त काढलं. म्हटलं, भाव चढलाय, हीच वेळ आहे. ती लगेच "विकूया" म्हणाली. मला वाटलं, चला, तिलाही यायचंच होतं. आता तुझं पत्र वाचून कळतंय, तिला वाटलं असणार की मुलाला पैसे हवेत पण मागवत नाही. आम्ही दोघं एकमेकांवर उपकार करत होतो, आणि त्यात घर जात होतं.

खरं कारण लिहितो. गेल्या हिवाळ्यात ती त्या साडेसात इंचांवर अडखळली. मला दोन महिन्यांनी कळलं, तेही शेजारणीकडून. फोन केला तर ती निम्मं ऐकते आणि उरलेलं स्वतःच ठरवते. बेल नाही. उद्या दार उघडलं नाही, तर मला कोण सांगणार? तिच्याजवळ रात्रीचं एक जरी माणूस असतं, तर मी घराचं नाव काढलं नसतं.

बायकोने खोली रंगवलीय हे खरं. पण ती म्हणते, आई चार दिवस राहायला आल्या तरी रंग वाया जात नाही.

हे पत्र तिला दाखवलंस तरी चालेल. मला तोंडाने सांगायला जमणार नाही.

दादा

१९ एप्रिल

प्रिय आत्या,

सोबत काल कुरियरने आलेलं दादाचं पत्र जोडलंय. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? डोळे पूस. आता मी काय काय केलं ते सांगते. रागवायचं असेल तर सगळं एकदम रागव, हप्त्याहप्त्याने नको.

काल ते वाचून फॉर्म घेऊन बसले. 'विकण्याचं कारण' या रकान्यात तू सांगितलेलं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं, कारण मुलाला तसं वाटतच नव्हतं. तुझा शिल्लक राहिलेला एक शब्द तिथे वापरला. 'विकण्याचं कारण: नाही.' ज्या घराला कारण नाही ते विकता येत नाही, असं चावीवाल्यांना सांगून तुझी चावी मी त्यांच्या कडीतून काढून घेतली. कडी एवढी घट्ट आहे की माझं नख तुटलं. ते म्हणाले, "बाई, हे एकच घर तुझ्या नावावर होतं." मी म्हटलं, "माहीत आहे." नोकरी गेली असं समजूनच मी डॉक्टरबाईंकडे निघाले.

त्यांना सगळं सांगितलं, वाटाण्यासकट. आजी म्हणाल्या, "मग माझी भिंत?" आत्या, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धुराडं काही चौथ्या मजल्यावर उगवत नाही! ते खालून वर येतं. मी दोघींना तशीच उठवून दुसऱ्या मजल्यावरच्या त्या 'राजेशाही' घरात नेलं. भिंतीला हात लावला तर तुझ्यापेक्षा जास्त गरम, भट्टी जवळ ना. मग मी बसून खरी जाहिरात तोंडी सांगितली. पाइप इथेही ओरडतो, आणि पुढच्या खोलीची खिडकी निखळलेली आहे. लिफ्ट इथेही साडेसात इंच खालीच थांबते. ट्रंपेट पुसट येतो. भांडायला मात्र कुणी येत नाही, त्यासाठी चौथ्या मजल्यावर जावं लागेल. आजींनी विचारलं, "हे घर का विकताहेत?" मी म्हटलं, मालक तीन वर्षांपासून दुसऱ्या गावी आहेत आणि घर बंद पडून आहे. हे मी तिथल्या तिथे फोन करून विचारलं होतं. आजी म्हणाल्या, "हे मात्र कारण आहे." उद्या त्यांचेच कागद होतायत. चावीवाल्यांनी मला काढलेलं नाही. उलट सगळ्या जुन्या जाहिराती पुन्हा लिहायला माझ्यापुढे टाकल्यात. त्यांच्या भाषेतला 'राजेशाही' हा शब्द त्यांनी स्वतः खोडला. 'आटोपशीर' राहू दे म्हणतात, त्यावर आमचं चाललंय.

घर चांगलं असताना लोक ते का विकतात, याचं उत्तर मला अजूनही येत नाही. आता मी गिऱ्हाइकाला खोटं सांगत नाही आणि कपाटही सरकवत नाही. म्हणते, थांबा, विचारून येते. बहुतेक वेळा त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

राहता राहिलं दादाचं. त्याचं म्हणणं, रात्रीचं एक माणूस हवं. माझं म्हणणं, मला झोप त्या एकाच भिंतीपाशी लागते. आज सकाळी मी होस्टेलची खोली सोडली आणि आरशावरचा माझा आठवा हिस्सा बाकीच्या सात जणींना देऊन टाकला. दादाला कळवलंय, बाबांनाही. भाड्याचं आपण पावणेदहाला ठरवू, म्हणजे शेजारणीलाही भाग घेता येईल. वर्षातून चार दिवस तू दादाकडे जायचंस. रंग वाया जाऊ द्यायचा नाही. बेलची तार जशी आहे तशीच राहू दे.

हे पत्र पेटीत टाकलेलं नाही. तिकीट नाही ते तुझ्या लक्षात आलंच असेल. मी दाराबाहेर ट्रंकेवर बसलेय. ती लिफ्टमधून साडेसात इंच मीच उचलून बाहेर काढली. पत्र दाराखालून सरकवतेय. चष्मा शोधण्यासकट तुला इथवर यायला दहा मिनिटं लागतील, तेवढी थांबते. मग वाजवते. दोनदा, आणि न थांबता तिसऱ्यांदा.

तुझी,
भाची